अंगणवाडीतलं अंगण

(तालुक्याच्या गावी दरवर्षी भरणाऱ्या एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छपाईसाठी थोडं नीटनेटकं करून.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय ठरलेलाच होता. 'बालकल्याणाच्या क्षेत्रातील त्यागमूर्ती स्त्रिया'. मी म्हटलं, त्यातला एक शब्द बदलून द्याल तर येते. पलीकडे जरा शांतता झाली आणि मग ते चाचरत म्हणाले, "बाई, मानधनाचं आम्ही बघतो हो." त्यांचा गैरसमज मी लगेच दूर केला नाही. माझं अर्धं व्याख्यान त्यांनी त्या एका वाक्यात उरकून टाकलं होतं. त्याग आणि मानधन, या दोन शब्दांचं लग्न कुणी लावलं आणि त्याचा आहेर कुणाला भरावा लागतो आहे, त्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

मागच्या फलकावर ज्यांचा फोटो आहे त्या बाईंची बालवाडी देवळाच्या ओसरीत भरायची, हे तुमच्यापैकी जुन्यांना आठवत असेल. पावसाळ्यात ओसरी गळायची. बाई प्रत्येक गळतीखाली एकेक वाटी ठेवायच्या आणि मुलांना कुठली वाटी आधी भरते ते बघत बसवायच्या. आधी-नंतर, जास्त-कमी, एक-दोन-तीन, सगळं त्या वाट्यांत. याला त्याग म्हटलं असतं तर बाई फणकारल्या असत्या. त्यांना त्यांचं काम येत होतं, एवढंच. आपण हे 'काम येणं' विसरतो आणि गळकी ओसरी तेवढी लक्षात ठेवतो.

मी स्वतः १९९३ साली एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून लागले. पुढे पदाचं नाव पर्यवेक्षिका झालं, बीट तेच राहिलं, वीस-पंचवीस अंगणवाड्यांचं. मी लागले त्याच्या आदल्या वर्षी अनुताई वाघ गेल्या होत्या. ताराबाई मोडक त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे दोघींनाही मी पाहिलेलं नाही. पण ज्या शब्दावर माझं पोट चाललं, तो 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंच्या कामातून आलेला. तेव्हा त्यांचं देणं लागते, ते जरा फेडते.

ताराबाईंचा जन्म १८९२चा, माहेरचं आडनाव केळकर, घर प्रार्थनासमाजी. १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्या काळी पदवीधर बाई म्हणजे लोक वळून बघायचे. अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, ते टिकलं नाही, १९२१च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. रत्नाकर मतकरींनी त्यांच्या आयुष्यावरून 'घर तिघांचं हवं' हे नाटक लिहिलं, ते तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. मी त्या घरात शिरत नाही. पुढची पायरी मला महत्त्वाची वाटते. त्या राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. खुर्ची होती, पगार होता, मान होता. आणि १९२३ साली ते सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या, गिजुभाई बधेकांकडे.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून मादाम मॉन्टेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. भरघोस मिशा आणि सतत पोरांचा घोळका, म्हणून लोक त्यांना 'मुछाळी मा' म्हणत. या माणसाच्या शेजारी बसून ताराबाई मूल बघायला शिकल्या. मी 'बघायला' म्हणते, 'सांभाळायला' नाही. मूल काय करतं, कुठं थांबतं, कुठली वस्तू पुन्हापुन्हा उचलतं, हे न बोलता बघत राहायचं आणि मग वहीत उतरवायचं. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. 'शिक्षण पत्रिका' गुजरातीत निघे, पुढे मराठीतही निघाली आणि मराठीचं संपादन ताराबाईंनी केलं. १९३६ला त्या मुंबईत आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला.

दादरचा हा टप्पा चरित्रांत दोन ओळींत संपतो. मी त्यावर जरा थांबते. तिथली मुलं मध्यमवर्गातली, नाकडोळे पुसून, पावडर लावून आलेली. दट्ट्यांची पेटी, गुलाबी मनोरा, सगळं मॉन्टेसरी साहित्य हाताशी होतं. शिशुविहार नावारूपाला आला होता. बाई तिथंच थांबल्या असत्या तरी आज त्यांच्या नावाचा एखादा चौक दादरला झाला असता आणि कुणाची काही तक्रार नसती. पण मॉन्टेसरीबाईंनी आपलं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये काढलं ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, मजुरांच्या मुलांसाठी. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत महाग झाली होती आणि ती परवडणाऱ्यांच्या मुलांना मिळत होती. ही उलटी गंगा ताराबाईंना खटकली, असं त्यांचं पुढचं काम सांगतं.

१९४५च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलं डहाणूजवळचं गाव. समुद्र, चिकूच्या वाड्या, पारशी मंडळींचे बंगले. आणि पूर्वेला डोंगरपट्टी सुरू झाली की वारल्यांचे पाडे.

त्या वर्षी त्या डोंगरपट्टीत काय चाललं होतं, हे ताराबाईंवरच्या भाषणांत सहसा येत नाही. मे महिन्यात झरी गावी वारली जमले होते आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले होते. गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की तो गडी आणि त्याची बायको जन्मभर त्याच्या दारात राबायची, त्याला 'लग्नगडी' म्हणत. ती पद्धत त्या उठावानं मोडली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच वारली मारले गेले. आणि दोन महिन्यांनी बोर्डीला बालवाडी. एक बाई लाल बावट्याची, दुसरी गांधींना मानणारी. इतिहासाच्या पुस्तकांत या दोघी वेगवेगळ्या प्रकरणांत बसतात, आणि दोन्हीकडच्या भक्तांना ते सोयीचं असतं. मला विचाराल तर लग्नगड्याच्या पोराला बालवाडीत बसवायचं म्हणजे आधी त्याचा बाप सुटायला हवा होता. ते काम गोदावरीबाईंनी आणि मुख्य म्हणजे वारल्यांनी स्वतः केलं. सुटलेल्या बापाच्या पोराचं पुढं काय, हा प्रश्न मात्र मोर्च्यात सुटत नाही. त्याला रोज सकाळी कुणीतरी लागतं.

हे 'कुणीतरी' म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १९१०चा, मोरगावचा, अष्टविनायकातलं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. संसार म्हणजे काय ते कळायच्या आत तो संपला.

इथं मला साठ वर्षं मागं जाऊ द्या. १८६३ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याआधी फसवल्या गेलेल्या एका विधवेनं जन्मलेलं मूल मारलं होतं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. फसवणाऱ्याला अर्थातच काही झालं नाही. फुल्यांनी उघड जाहीर केलं की विधवांनो, इथं येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल हवं तर घेऊन जा, नको तर इथं ठेवा. त्यांतल्याच एका बाळाला, यशवंताला, त्यांनी १८७४ साली दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या तेव्हा तोही त्याच कामात होता. आपल्याकडच्या बालकल्याणाची सुरुवात मला तिथून दिसते, कारण मुलाला वाचवायचं तर आधी त्याच्या आईला वाळीत टाकणं थांबवावं लागतं, हे त्या घराला कळलं होतं. सावित्रीबाईंच्या शाळेवर आपण भरपूर बोलतो. या घरावर बोलताना मात्र आवाज खाली जातो, जणू अजून शेजारच्या वाड्यात कुणी ऐकत आहे.

साठ वर्षांनी तेरा वर्षांची विधवा म्हणून अनुताईंच्या वाट्याला निदान शिक्षण आलं. ट्रेनिंग कॉलेज, मग चांदवडला शिक्षिका, मग पुण्यात हुजूरपागेत. रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पस्तीस वर्षांच्या अनुताई हुजूरपागेतली नोकरी सोडून बोर्डीला गेल्या. ताराबाई १९७३ला गेल्या तोवर त्यांच्याबरोबर आणि नंतर आणखी एकोणीस वर्षं त्या तिथंच राबल्या. मधे १९६१ साली, डोळे दगा देत असताना, बी.ए.ही झाल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ग्रंथालयातून काढा. आपल्या ग्रंथालयात प्रत आहे, मी आजच बघितली. शेवटची कुणी नेली त्याची तारीख बघून मात्र वाईट वाटलं.

आता बोर्डीत झालं काय, ते सांगते. शाळा काढली, मुलं आली नाहीत.

मुलं का आली नाहीत याची जी उत्तरं आपण देतो, ती अजूनही तीच आहेत. पालकांना महत्त्व कळत नाही. समाज मागासलेला. मुलांना गोडी नाही. माझ्या कार्यालयातही भिंतीवर टांगल्यासारखी ही तीन उत्तरं तयार असत. ताराबाई आणि अनुताईंनी भावनगरी वही उघडली आणि मूल सकाळी कुठं असतं ते बघितलं. लहान मूल अंगणात असतं. आईबाप मजुरीला गेलेले, त्याच्यावर लक्ष ठेवायला आजी नाहीतर सात-आठ वर्षांची बहीण. थोरला गुरांमागं रानात. आणि बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर मूल आहे.

मग एकेका गोष्टीला तोड निघाली. मूल अंगणात असतं, तर बालवाडी अंगणात न्या. एका ठिकाणी मुलांनी यायचं ती मध्यवर्ती बालवाडी, आणि बाईनं पाड्यात जाऊन अंगणात घ्यायची ती अंगणवाडी. बाई सकाळी पाड्यात जायची, अंगण झाडायचं, मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी, गोष्टी. थोरला गुरांमागं जातो, तर शाळेनं त्याच्यामागं कुरणात जायचं. ती कुरणशाळा. बहिणीच्या कडेवर मूल आहे, तर शाळेला लागूनच पाळणाघर आणि बालवाडी ठेवा. बहीण येताना मुलाला घेऊन येईल, त्याला तिथं ठेवील, स्वतः वर्गात बसेल. तिन्ही एका छपराखाली, त्याला नाव दिलं विकासवाडी. १९५७ साली हे सगळं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, पण सुरुवात बोर्डीची.

त्या मुलीचं चित्र डोळ्यासमोर आणा. आठ वर्षांची, कमरेला तिरका बाक आलेला, कारण सदान्कदा डाव्या कडेवर भाऊ. तिच्यासाठी पोस्टर छापून, रॅली काढून, 'मुलगी शिकली प्रगती झाली' म्हणून काही होणार नव्हतं. तिच्या कडेवरचं ओझं वीस पावलांवर उतरवायची सोय हवी होती. मी आयुष्यात बालशिक्षणावरची बरीच जाडजूड पुस्तकं हाताळली, प्रशिक्षणात मिळतात ती. विकासवाडीइतकी सरळ कल्पना मला त्यांत क्वचित सापडली.

साहित्याचंही तसंच. दट्ट्यांच्या पेटीला पैसे कुठून आणणार? मग शंखशिंपले, चिंचोके, खडे, पानं, बांबूच्या नळ्या, नारळाच्या करवंट्या. हे 'गरिबांचं मॉन्टेसरी' म्हणून कुणी हिणवलं तर हिणवू दे. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे हाताला कळणं, हा मॉन्टेसरीबाईंचा मुद्दा. तो चिंचोक्यानं कळतो. शिवाय चिंचोका हरवला तर बाईच्या पगारातून कापला जात नाही. माझ्या सेविका भेट म्हणून आलेली खेळणी कपाटात कुलूपबंद ठेवायच्या, ती साठा रजिस्टरला चढलेली असायची म्हणून. मुलं कपाटाच्या काचेतून बघायची.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताईंनी पुढं प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल या संस्थेचं काम उभं केलं, तेही त्याच डोंगरात. एवढं सांगून पुढं जाते. पुरस्कारांच्या याद्या प्रास्ताविकात वाचल्या जातातच.

१९७३च्या ऑगस्टअखेर ताराबाई गेल्या. १९७४ साली देशाचं पहिलं राष्ट्रीय बालधोरण आलं आणि १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. ३३ प्रकल्प, ४,८९१ अंगणवाड्या. आज देशात सुमारे चौदा लाख आहेत. तमिळनाडूत, आसामात, काश्मिरात, जिथं मराठीचा वाराही नाही, तिथं 'अंगणवाडी' म्हणतात. मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही. शब्द गेला. शब्दाबरोबर काय काय गेलं आणि काय मागं राहिलं, ते बघायला मात्र माझ्यासारखीला तीस वर्षं मिळाली.

योजनेच्या सहा सेवा. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांचं पोषण-आरोग्य शिक्षण आणि सगळ्यात शेवटी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. पहिल्या पाचांतली एकही मी कमी लेखत नाही. आदिवासी भागात कुपोषणानं पोरं दगावलेली मी पाहिली आहेत. आढ्याला टांगलेल्या काट्यावर झोळीत मूल घालायचं, ते रडतं, पाय झाडतं, काटा थरथरतो, आणि सेविका श्वास रोखून आकडा वाचते. तक्त्यावर ठिपका कुठल्या पट्ट्यात पडतो, त्यावर त्या मुलाचं पुढचं सगळं ठरतं. असा ठिपका चुकला तर झोप लागत नाही. पण सहावी सेवा, म्हणजे ताराबाईंची सगळी हयात, ती वेळ उरला तर. आणि वेळ उरत नसे. खिचडी, रजिस्टरं, सर्वेक्षण, मोहीम, बैठक. पुढं मोबाईल आला, पोषण ट्रॅकर आलं. रेंज नाही म्हणून सेविका टेकाडावरच्या आंब्याखाली जाऊन माहिती भरायची, आणि खाली अंगणात मुलं मदतनिसाच्या भरवशावर.

अंगण तर केव्हाच गेलं. खोली आली, पत्रे आले, भिंतीवर हत्ती आणि ससा आला. पावसाचा निवारा हवाच, पण खोली बांधली की ती एका जागी राहते आणि मुलाला तिथं यावं लागतं. पुन्हा बोर्डीचा पहिला दिवस.

आता त्या मानधनाकडे येते. सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. सुरुवातीला महिना शंभर-दीडशे रुपये होतं, मग टप्प्याटप्प्यानं वाढलं, दरवेळी मोर्चा काढल्यावर. शब्द कसा गोड आहे बघा. मान आणि धन. ज्याला आपण मान देतो त्याला पगार विचारायचा नसतो, आणि ज्याला पगार देत नाही त्याला नोकर म्हणता येत नाही. २००६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आठवड्याभराच्या अंतरानं आले. एकात सांगितलं, अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नाही, ती सरकारी कर्मचारी नव्हे. दुसऱ्यात, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, सांगितलं की देशातल्या प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी, चौदा लाख काढा. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायदेशीर असतील, मी वकील नाही. पण शेजारी शेजारी ठेवून वाचले की कळतं, देशाला अंगणवाडी हवी आहे, आणि ती चालवणारी बाई नेमकी कोण ते ठरवायची मात्र घाई नाही.

२०२२च्या एप्रिलात त्याच न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं. त्या पीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, आपल्या ठाण्याचे. तरी २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, आणि पन्नासेक दिवस अंगणवाड्या बंद राहिल्या. तेव्हा एका परिचितांनी मला विचारलं, "लहान मुलांना उपाशी ठेवून संप? ताराबाईंना काय वाटलं असतं?" मी त्यांना म्हटलं, ताराबाईंनी राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची स्वतः सोडली होती. तुमच्या घरी पोळ्या करायला येते तिची सून सेविका आहे, तिनं काय सोडलंय? तिला कुणी दिलं होतं काही, सोडायला?

त्याग हा शब्द मला का नको, त्याचं कारण हे आहे. ज्या बाईकडं डिग्री होती, नाव होतं, पाठीशी माणसं होती, तिनं आपल्या मर्जीनं कमी घेतलं. ते आम्ही तिच्या फोटोखाली कौतुकानं लिहिलं, आणि मग तोच दर ठरवून टाकला, तिच्यामागून येणाऱ्या लाखो बायकांचा. आणि या सगळ्यात तिचं खरं कर्तृत्व, ते वही घेऊन बघत राहणं, विकासवाडीतली ती वीस पावलं मोजणं, ते कुणी शिकलंच नाही. शिकायला त्याग लागत नाही, वेळ लागतो. तो कुणी दिला नाही.

दुसऱ्यांना बोलून झालं, आता स्वतःबद्दल सांगते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी एका पाड्यात तपासणीला गेले. उतरून दीड तास चालायचं. सेविका अंगणातच मुलं घेऊन बसलेली, खोली तेव्हा मंजूर नव्हती. मोजली तर अकरा मुलं. रजिस्टरवर पटसंख्या अडतीस. मी विचारलं, बाकीची? ती म्हणाली, भट्टीवर गेली. आमच्याकडं भात कापून झालं की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडं, वसईकडं, तिकडंच झोपड्या घालून राहतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तपासणीचा नमुना मुंबईहून आलेला. त्यात 'उपस्थित' आणि 'अनुपस्थित' असे दोन रकाने होते, 'भट्टीवर' असा रकाना नव्हता. मी भेट-रजिस्टरात लाल शाईनं शेरा मारला, उपस्थिती असमाधानकारक, पालकांशी संपर्काचा अभाव. तिनं सही केली. चहा ठेवला होता, मी घाईत प्यायले नाही. शेवटची एस.टी. गाठायची होती.

बरीच वर्षं गेली. जुनी रजिस्टरं निर्लेखित करायला गोळा केली, तेव्हा त्या अंगणवाडीचं ते रजिस्टर हातात आलं. माझा शेरा होता तिथं होता. मागं कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं रेघा मारून तिनं स्वतःचा एक तक्ता केलेला होता. कुणी सांगितला नव्हता, कुठल्याही नमुन्यात बसत नव्हता. मुलाचं नाव, कुठल्या भट्टीवर, कोणाबरोबर, जाताना वजन किती. सत्तावीस नावं. काहींपुढं भट्टीमालकाच्या गावाचं नाव, काहींपुढं नुसतं 'मामाकडं'. मी ते पान पाठपोट वाचलं. शेवटच्या नावापुढं लिहिलं होतं, 'बहिणीच्या कडेवर गेला. गोवरची लस बाकी. होळीला येतील.'